कुंकू लावलेला ताळेबंद

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेलूबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. बैलगाड्या पार नाल्यापर्यंत सोडलेल्या. बायका नव्या लुगड्यांत, म्हातारे धुतलेल्या पागोट्यांत, पोरं बापांच्या खांद्यांवर आणि झाडून सगळ्यांची तोंडं एका बंद दाराकडे. ते दार होतं ‘श्री अक्षय भांडार लिमिटेड’ या कंपनीच्या गोदामाचं. त्या दाराआड, कुणाचा हात न लागता, माल वाढत होता.

हसू नका. सन एकोणीसशे अठ्ठावन्न. देशात धरणं बांधली जात होती, आमच्या मंगरूळच्या शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र आलं होतं आणि तिथून तासाभराच्या वाटेवर हजार-दीड हजार माणसं गूळ आपोआप वाढायची वाट बघत उन्हात उभी होती. त्यांत दहावीत शिकणारी मीही होते. माझ्या हातात आत्याची पिशवी होती. नारळ, हळदकुंकू आणि वर लाल खण. पिशवी जरा जडच लागत होती, पण आत्याचे नारळ नेहमीच मोठे असत.

कंपनी म्हणजे काय, तर दोन दुकानं. एक शेलूबाजारला, दुसरं धनजला. किराणा, कापड, तेल, मीठ. शंभर रुपये दिले की एक शेअर मिळायचा, म्हणजे दुकानात तुमचाही वाटा. कंपनीचे चालक उकंडराव. कोट घालायचे, पण कोटापेक्षा त्यांना मान होता तो कणगीबाबामुळे.

कणगीबाबा हा बारीक, काळासावळा माणूस. गळ्यात नारळाएवढी बांबूची कणगी, शेतकऱ्याच्या धान्य साठवायच्या कणगीची चिमुकली नक्कल, आणि अंगात लोंबत्या बाह्यांची कफनी. कणगीत हात घालायचा आणि ज्वारीचे दाणे काढून वाटायचा. हजार माणसांना वाटले तरी कणगी रिकामी होत नसे. दाणे चिमटीचिमटीनं मिळत आणि लोक ते पदरात बांधून नेत.

त्या दिवशी बाबा ओट्यावर उभा राहिला. भजन थांबलं.

“लेकहो,” बाबा म्हणाला, “मायच्या पोटातलं लेकरू तुमी मोजता काय? तराजूत घालता काय? मंग कणगी कायले मोजता? मोजली का तिले दृष्ट लागते. झाकून ठेवा, हात जोडा अन् घरी जा.”

हे बोलणं आमच्या लोकांच्या काळजात बसणारच. आमच्याकडे खळ्यावर धान्याची रास मोजताना पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन. मोजताना बोलायचं नाही, रास उघडी टाकायची नाही, किती झाली ते शेजाऱ्याला सांगायचं नाही. बापजाद्यांची रीत. बाबानं ती खळ्यावरून उचलली आणि दुकानाला लावली. शेतकऱ्याच्या श्रद्धेवर दुकान चालवायला याहून स्वस्त भांडवल नाही.

मग दार उघडलं. आत छपरापर्यंत पोती. गुळाच्या भेल्या, तेलाचे डबे, कापडाची ठाणं. उंबरठ्याच्या आत मात्र कुणी जायचं नाही, बाबाची आज्ञा. बाहेरून दर्शन घ्यायचं. मी लोटालोटीत पुढे गेले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका पोत्यावर माझी नजर अडकली. पोतं फाटलेलं होतं आणि ते लाल दोऱ्यानं शिवलं होतं. साधा दाभणाचा टाका नाही. एकात एक गुंतलेली लहान लहान त्रिकोणांची नक्षी. मला हसू आलं. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची हिरीबाई या गोदामात पोती शिवायच्या कामाला होती. मिठाच्या पोत्यालाही तिनं आपल्या ओढणीसारखं नटवलं होतं.

उकंडरावांनी चष्मा लावला आणि कंपनीच्या छापील ताळेबंदातली एकच ओळ वाचली, शेवटची. चौपन्न साली कंपनीची मालमत्ता चाळीस हजार होती. पुढे वर्षागणिक एक्कावन्न, पासष्ट, शहाऐंशी हजार. यंदा एक लाख दहा हजार. गर्दीतून जयजयकार उठला. माझ्या शेजारी एक म्हातारा रडत होता, त्याचे दोन शेअर होते.

मग प्रत्येक भागधारकाला ताळेबंदाचा कागद मिळाला. वर कुंकवाचा ठसा, अक्षता चिकटवलेल्या. लोकांनी तो कपाळाला लावला, घडी केली आणि टोपीत ठेवला. वाचला कुणीच नाही. प्रसाद कुणी वाचतं का?

आत्या माझ्या हातून पिशवी घेऊन मागच्या दारानं बाबाच्या खास दर्शनाला गेली. परत आली ती हसतच. पिशवी रिकामी होती.

आत्या म्हणजे गोजराबाई, माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला. वाटणीत आलेलं तीन एकर काळं रान तिनं एकटीनं, बैल भाड्यानं घेऊन, पंचवीस वर्षं कसलं. मला शाळेत घाला म्हणून माझ्या बाबांशी भांडली ती आत्याच. आणि त्याच आत्यानं त्या वर्षी दसऱ्याला रान विकलं होतं. चोवीसशे रुपये. ते पैसे पांडवपंचमीला धनजच्या पूजेत कणगीबाबाच्या हाती द्यायचे, चोवीस शेअर घ्यायचे आणि मग जन्मभर शेकडा दहा रुपये बसून खायचे, असा तिचा बेत होता. तिचे आधीचे पाच शेअर होते. त्यांवर दर वर्षी पन्नास रुपये खरोखर आले होते, म्हणून तिला कुणी काही सांगू शकत नव्हतं.

मला तिचं रान विकलेलं मुळीच आवडलं नव्हतं. पण पैसे घरातच, तिच्या निळ्या डब्यात आहेत आणि पंचमीला पाच दिवस आहेत, एवढा मला धीर होता.

त्याच संध्याकाळी तिनं मला देवघरात नवा कागद ठेवायला सांगितलं. देवांच्या पाटाखाली चार वर्षांचे चार ताळेबंद होते, कुंकवानं लाल झालेले. मी पाचही बाहेर काढले आणि ओल्या फडक्यानं कुंकू पुसायला लागले.

“काहून वं तुळसे, परसाद पुसून राह्यली?”

“आत्या, खालचे आकडे दिसत नाहीत.”

“आकडे पाहाचे असते तं त्याईनं कुंकू काहून लावलं असतं?”

आत्यानं हे रागानं विचारलं होतं. पण इतका नेमका प्रश्न पुढे पोलिसांनीही विचारला नाही.

आमच्या गणिताच्या गुरुजींनी, मदनसिंग राठोडांनी, आम्हाला एक युक्ती शिकवली होती. अनेक वर्षांची तुलना करायची तर पहिलं वर्ष शंभर धरा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचा आकडा त्या शंभरावर बसवा. मग कोण चढतंय, कोण उतरतंय ते डोळ्यांना दिसतं. मी पाच कागद ओळीनं मांडले आणि वहीत रेघा मारल्या.

एकूण मालमत्ता शंभराची पावणेतीनशे झाली होती. हेच उकंडरावांनी वाचलं होतं, आणि बेरीज खोटी नव्हती. पण बेरजेच्या पोटात काय होतं? शिल्लक माल शंभराचा चारशे झाला होता, वीस हजारांचा ऐंशी हजार. लोकांकडून येणं शंभराचं साडेपाचशे. आणि रोख? चौपन्न साली रोख आठ हजार होती. यंदा आठशे. शंभराचे दहा.

मी पुन्हा मोजलं. दहाच.

मग कागद उलटला. मागे बारीक टाइपात वर्षाची विक्री होती. पहिल्या साली साठ हजार, यंदा पंचावन्न हजार. म्हणजे विक्री घटत होती आणि माल चौपट झाला होता. हा सगळा माल विकायला जवळजवळ दीड वर्ष लागलं असतं. आमच्या घरचा गूळ एका पावसाळ्यात पाझरतो. बाबाचा गूळ दीड वर्ष टिकत होता आणि वर वाढतही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन गुरुजींच्या घरी गेले. ते शेलूबाजारलाच राहत. त्यांनी वही पाहिली, नंतर कागद पाहिले, आणि प्रत्येक आकडा स्वतः पुन्हा मांडून पाहिला. मला वाटलं, माझा हिशेब चुकला.

“गोदाम केवढं आहे?” वर्गात विचारावं तसं त्यांनी विचारलं.

“आधी होतं तेवढंच. इथलं आणि धनजचं.”

“पहिल्या वर्षी भरलेलं होतं?”

“छपरापर्यंत, म्हणत होते लोक.”

“मग चौपट माल मावला कुठे?”

मग त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. हिशेब तपासनिसाच्या सहीच्या वर मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. मालाची मोजदाद चालकांनी सांगितल्याप्रमाणे. म्हणजे तपासनीस अकोल्याहून आला, चहा प्याला आणि गोदाम न उघडताच सही करून गेला. सरकारी कायद्याचा माणूससुद्धा बाबाची आज्ञा पाळून गेला. मोजायचं नाही.

येण्याखालीही एक ओळ होती. बावीस हजारांपैकी एकोणीस हजार ‘चालक व मठ’ यांच्याकडून येणं. लोकांनी शेअर घेऊन दिलेली रोख उकंडराव आणि बाबा उचलून नेत होते, आणि उचललेले पैसे पुन्हा मालमत्तेत मांडत होते. चोरानं घरातून भांडी न्यावीत आणि घरमालकानं ती आपल्याच भांड्यांत मोजावीत, तसं. आत्याला मिळणारे पन्नास रुपये तरी नफ्याचे कुठे होते? नव्या माणसाच्या शंभरातले दहा जुन्या माणसाला द्यायचे, की जुना माणूस गावभर जाहिरात करत फिरतो.

“आणि हे बघ,” गुरुजी म्हणाले. “कागदावर तारीख कालची. छापलाय अकोल्याला. कालच्या दिवसाचा माल मोजायच्या आधीच बेरीज छापून आली.”

मी धावत घरी गेले आणि आत्याला सगळं सांगितलं. बोटावर, खडूनं भिंतीवर, वहीत, तीन वेळा. ती ऐकत गेली, भाकऱ्या थापत राहिली. शेवटी म्हणाली की चार बुकं शिकून पोरगी देवाचा हिशेब मागायला लागली. तरी पंचमीला तू धनजला माझ्यासोबत चल, पण तोंड बंद ठेव, असं तिनं बजावलं. मी हो म्हटलं. आयुष्यात इतकं खोटं ‘हो’ मी कधी म्हटलं नव्हतं.

पंचमीला धनजला तीच गर्दी, तीच कणगी, तोच मायच्या पोटातल्या लेकराचा दाखला. दार उघडलं. छपरापर्यंत पोती. पहिल्या रांगेत, डावीकडून तिसरं, लाल दोऱ्याचे लहान लहान त्रिकोण.

तेच पोतं. मी मागे पाहिलं. गर्दीच्या कडेला, ठरल्याप्रमाणे, गुरुजी उभे होते. बाजारात व्यापारी पोतं न सोडता धान्य पारखायला वापरतात ती पोकळ लोखंडी सळई त्यांच्या हातात होती. मी आत्याचा हात सोडला आणि उंबरठ्यावर चढले.

 म्हटलं, हे पोतं पाच दिवसांपूर्वी मी शेलूबाजारच्या गोदामात पाहिलंय. तिथल्या मालातही हे मोजलंय आणि इथल्या मालातही. एकच पोतं ताळेबंदात दोनदा.

उकंडराव समजुतीनं हसले. “बाई, पोत्याचे टाके सगळीकडे सारखेच राह्यते.”

“माह्ये नाई राहत.”

हिरीबाई बोलली होती. ती गोदामाच्या आतच होती. पोती उतरवून रचायला कंपनीनं तिला ट्रकवर बसवून आणलं होतं. घागरा झटकत ती पुढे आली.

“मले साधा टाका जमतच नाई. हात आपसूक वळते. थे पोतं मीच शिवलं, शेलूबाजारात. पाडव्याच्या सकाळी मीच ट्रकात चढवलं अन् मीच इथं उतरवलं. कुठं नेता म्हणून इचारलं, तं म्हणे देव फिरायले निघाला.”

कुणीतरी हसलं. एकच माणूस. बाबानं कणगी उंच धरली आणि शाप द्यायला तोंड उघडलं, तोवर गुरुजी पहिल्या रांगेच्या फटीतून मागच्या पोत्यापर्यंत पोचले होते. सळई खुपसली, बाहेर ओढली, लोकांसमोर तळहातावर उलटी केली.

कुटार. तुरीच्या मळणीतला भुसा. त्यांनी शेजारचं पोतं टोचलं. कुटार. पाचवं. कुटार. पहिल्या रांगेत मीठ होतं, साखर होती. त्यामागे छपरापर्यंत बैलांचा चारा. ऐंशी हजारांचा माल, निम्मा ट्रकमध्ये फिरणारा आणि बाकीचा गुरांनी खाण्याजोगा.

त्या गोंधळात बाबाची कणगी खाली पडली. मी ती उचलली. तिला बूडच नव्हतं. ती हिसकायला बाबा वाकला तेव्हा त्याच्या कफनीच्या बाहीत शिवलेली ज्वारीची लांब पिशवी दिसली, दाणे तिथून हातात यायचे. माणसाला बाही असली की चमत्काराला दुसरं काही लागत नाही.

मला त्या क्षणी उडी मारावीशी वाटली. मी जिंकले होते. मी गर्दीतून आत्याकडे पळाले आणि तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, आत्या, वाचलो. डबा उघडायच्या आधी वाचलो.

आत्या गोदामाकडेच बघत होती.

“डबा रिकामा हाये,” ती म्हणाली. “लक्ष्मीपूजनालेच देले, शेलूबाजारले. बाबा म्हणे, पैसे आज, शेअर पंचमीले.”

“कशात दिले?”

“तुह्या हातात होती नं पिशवी.”

नारळाखाली होते. मी दीड कोस वाहून नेले होते.

पोलीस आले तेव्हा बाबा नव्हता, ट्रकही नव्हता. फौजदारानं लोकांचे जबाब घेतले. आत्याची पाळी आली. पावती आहे का? नाही, कागद केला तर बरकत जाते असं बाबानं सांगितलं होतं. रान चोवीसशेला विकलं, पण त्यातून दसऱ्याचा खर्च झाला, उसनं फेडलं, बैलांचं भाडं दिलं. मग पिशवीत नेमके किती होते?

“मोजले नाई,” आत्या म्हणाली. “मोजून द्याचे नाई, असं सांगतलं होतं.”

फौजदारानं लेखणी खाली ठेवली. आकडा नसेल तर तो लिहिणार काय? तिच्यामागे चाळीस बायका उभ्या होत्या. त्यांतल्या एकीनंही मोजले नव्हते. तेव्हा मला बाबाची खरी युक्ती कळली. बाही नव्हे, कुटार नव्हे, ट्रकही नव्हे. ज्यानं आधीच सांगून ठेवलं की मोजू नका, त्यानं आपल्या चोरीचा पुरावा तुमच्याच हातून पुसून घेतला होता.

उकंडराव म्हणाले, मलाही बाबानं फसवलं. ते रडलेही. येण्यातले एकोणीस हजार आजही येणंच आहे. हिरीबाईचं काम गेलं. आणि गावात काय बोलतात, ऐकाल? बोलतात की दोन्ही गोदामं भरलेली होती, डोळ्यांनी पाहिली होती. पुंजाजीच्या पोट्टीनं कुंकू पुसलं, आकडे मोजले, पोत्यात लोखंड खुपसलं, म्हणून माल कुटार झाला. पुंजाजी म्हणजे माझे बाबा. ते दोन महिने कुणाच्या पारावर बसले नाहीत.

म्हणून मी हे लिहिते आहे, आणि साध्या शब्दांत सांगते आहे. वाढलेल्या बेरजेला हात जोडू नका. ती बेरीज कशाची बनली आहे ते ओळ न् ओळ बघा. चार-पाच वर्षांचे कागद शेजारी ठेवा आणि विचारा, माल वाढला तर विकला का जात नाही, रोख का आटते, येणं कुणाकडून आहे आणि ते कधी येणार. कागद कळत नसेल तर शाळेतल्या कुठल्याही पोरीला बोलवा. आणि जो म्हणेल, मोजलं की नासतं, त्याच्यासमोरच मोजायला बसा. खऱ्या वस्तूला मोजल्यानं काही होत नाही. मोजल्यावर नाहीशी होते ती आधीही नव्हती.

आत्या माझ्याशी बोलत नव्हती. माघात ती ज्वारी काढायला गेली, रोजानं, आपल्याच विकलेल्या रानात. शनिवारी शाळा लवकर सुटली म्हणून मी तिला आणायला खळ्यावर गेले. मजुरांना धान्यात मजुरी देणं चाललं होतं. नव्या मालकाचा माणूस पायलीनं मापून पदरात टाकत होता. आत्यानं पदर पसरला. त्यानं पहिली पायली भरली, वरून हात फिरवला आणि रीतीप्रमाणे म्हणाला, “लाभ.”

आत्यानं पदर मागे घेतला.

“एक म्हण, भाऊ,” ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “तुळसे, तू लिहून घे.”